एका साइटची चार घरं

माझी बहीण निशात चंद्रपुरात इंटरनेट कॅफे चालवते. कॅफे म्हणजे माझ्याच लग्नपत्रिकांच्या दुकानाचा मागचा भाग. तो तिनं गोड बोलून बळकावला. मी तापट माणूस. तिच्या मोडेमची किरकिर ऐकली की माझं डोकं फिरायचं. पण २००६ सालच्या एका दुपारनंतर तिच्या कामाला नावं ठेवणं मी सोडलं.

सिंदेवाहीचे देवाजीभाऊ गोंड समाजाच्या वधू-वर मेळाव्याचं काम बघायचे. त्यांच्या सांगण्यावरून निशातनं समाजातल्या मुलामुलींसाठी सोयरिकीची वेबसाइट केली. दारोदार फिरून, आईबापांना समजावून, फोटो देवाजीभाऊंनीच गोळा केले होते. गोंडांत घराणी देवांच्या संख्येवरून ओळखतात: चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. म्हणून निशातनं होस्टिंगच्या खात्यात चार सबडोमेन उघडली. साइटचं नाव तेच, त्याच्याआधी 'चार' किंवा 'पाच' लिहून टिंब द्यायचं, की तो पत्ता वेगळा. प्रत्येकाचं सामान वेगळ्या फोल्डरात. "एकाच प्लॉटवर चार घरं," ती मला समजावत म्हणाली. मी नुसतंच हं म्हटलं.

मेळाव्याच्या आदल्या दुपारी देवाजीभाऊ साइट बघायला आले. निशातनं 'सात' उघडलं. त्यांच्या मुलीचा, रुखमाचा फोटो, शेजारी विनोद नावाच्या मास्तराचा, आणि खाली बटण: 'स्थळ पसंत'.

देवाजीभाऊंनी स्क्रीनवर हात आडवा धरला.

"बाई, हे काय केलं? हे दोघं बहीण-भाऊ होय!"

"विनोद तुमच्या नात्यातला आहे का?" निशातनं विचारलं.

"नात्याचं काय घेऊन बसली! दोघंई सात देवे, मंग भाऊच ना तिचा. एका देवात लगन होत नाई. उद्या सारा समाज पाह्यन. लोकायनं माह्या भरवशावर पोरींचे फोटू देल्ले. मले तोंड दाखवाले जागा राहणार नाई."

चूक कशी झाली ते माझ्या लक्षात आलं. आम्हा मुसलमानांत चुलत-मामेभावंडांची लग्नं होतात. माझी बायको आबिदा माझ्या सख्ख्या चुलत्याची मुलगी. स्थळ आपल्यातल्या आपल्यात बघायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. मी वैतागून म्हणालो, "मिटवून टाक सारं. सांगू की साइट बंद पडली."

"घरं बरोबर आहेत भाई," निशात म्हणाली. "दरवाजे चुकले."

मग ती कामाला लागली. फोल्डरांना तिनं हातही लावला नाही. प्रत्येक पत्त्यावर उघडणारं पान तेवढं बदललं: 'सात'मध्ये शिरणाऱ्याला चार, पाच आणि सहा देव्यांची स्थळं दिसणार, स्वतःच्या घरातलं एकही नाही. तसंच बाकी तिन्ही पत्त्यांचं. फोनची लाइन मध्येच तुटायची, चढवलेली फाइल वाया जायची. ती पुन्हा जोडायची. एकेक पत्ता उघडून देवाजीभाऊंना विचारायची, "हे चालते?" ते मान हलवायचे. एक पत्रिका वाकडी छापली तर मशीनला लाथ घालणारा मी, तिला गुपचूप चहा नेऊन देत होतो. एवढी शांत डोक्याची बहीण आपल्याच घरातली, याचा मला भारी अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी मेळाव्याला आम्हीही गेलो. मेळावा शाळेत होता. तिथल्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर देवाजीभाऊंनी साइट उघडली. म्हातारे एकेक नाव वाचायला लावत होते. त्यांत धुरपताबाईंचा शब्द मोठा. नातीचा फोटो द्यायला त्यांनी साफ नकार दिला होता. त्या पाच देवे. त्यांनी 'पाच' उघडायला लावलं आणि सगळी नावं ऐकली. त्यांच्या घराण्यातलं एकही निघालं नाही.

मग त्या निशातकडे वळल्या. "तू कोणत्या देवाची वं?"

आता पंचाईत, मनात म्हटलं.

निशात म्हणाली, "आमच्यात एकच, बाई. आम्ही एकालेच मानतो."

"एक देवे," धुरपताबाई स्वतःशीच बोलल्या. "म्हणजे चारी घरात तुहं कोणी नाई. मंग तू कोणाची बाजू घेणार नाई."

त्यांनी पदराची गाठ सोडली, नातीचा फोटो काढला आणि निशातच्या तळहातावर ठेवला.

"दिव्या नाव आहे. टाक पाचमधी."