खाली बसा

खुशनुमाची पोलीस भरतीत निवड झाली, तेव्हा बीडच्या फळबाजारात तिच्या अब्बांनी, अशफाकभाईंनी, पेढे वाटले. अम्मीनं मात्र पेढ्याला हात लावला नाही. त्यांच्या गल्लीतला मुबीन पोलिसातच होता. ईदेलासुद्धा बंदोबस्त. शेवटी नोकरी सोडून तो तलाठी झाला.

"पोरं भरती होत्यात अन् निघून जात्यात," अम्मी म्हणायची. "मग तूच कावून जातीस?"

 रुजू व्हायचा दिवस जवळ येऊ लागला तशी खुशनुमाही डळमळली.

त्यातच कपिलधारची यात्रा आली. मायलेकी धबधब्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांच्या वळणावर पेरू घेऊन बसल्या. माणसाला माणूस चिकटलेला, आणि तिथं बंदोबस्ताला एकटी हवालदार शिवकांता.

दुपारी कड्यावरून एक धोंडा गडगडत आला. कुणाला लागला नाही, पण "दरड! दरड!" अशी आरोळी उठली. खालचे वर धावले, वरून उतरणाऱ्यांचा लोंढा थांबेना. मधली लेकरं रडू लागली. अम्मी कठड्याशी दाबली गेली, तिचा श्वास अडकला.

शिवकांताची शिट्टी कुणालाच ऐकू गेली नाही. तिनं काठी टाकली आणि त्या लोंढ्यापुढं सरळ पायरीवर मांडी घातली.

"बसा! खाली बसा! माझ्यासारखं बसा!"

खुशनुमाला वाटलं, आता ही तुडवली जाणार. पण शेजारची एक म्हातारी बसली. मग तिच्या मागची बाई. मग पुरुष. बघता बघता ओळीमागून ओळ बसत गेली, पार वरपर्यंत. सगळा डोंगरउतार बसला आणि पाण्याचा आवाज ऐकू येऊ लागला.

मग शिवकांतानं एकेक ओळ उठवून वाट मोकळी केली. अम्मीनं कठडा धरून मोठा श्वास घेतला.

खुशनुमानं तिला पाणी नेऊन दिलं. "मॅडम, भ्या न्हाई वाटलं?"

"वाटलं की." घोटभर पाणी पिऊन तिनं टाकलेली काठी उचलली.

"पण तुमी एकट्याच कावून?"

"दोघी होत्या माझ्यासंगं. दुसरी नोकरी लागली, गेल्या. नावं न्हाई ठेवत मी. लेकराचा ताप फोनवर ऐकावा लागतो हितं."

अम्मी अजून त्या पायऱ्यांकडेच बघत होती. मग हळूच म्हणाली, "हे शिकवत्यात का गं तिथं?"

"माहीत न्हाई, अम्मी."

"जाऊन बघ मग."