चष्मेवाल्यांनी दाखवलेली वाट

चष्मेवाल्यांचं दुकान बसथांब्याच्या अगदी समोर होतं. त्यामुळे चष्मा विचारायला येणाऱ्यांपेक्षा रस्ता विचारायला येणारेच जास्त. पाठीवर पिशव्या अडकवून शहर बघायला आलेली तरुण मंडळी, दवाखाना शोधणारे म्हातारे, मुलाखतीला निघालेली घाबरीघुबरी मुलं, सगळे याच दारात यायचे. चष्मेवाले कुणालाही तसंच परत पाठवत नसत. हातातलं भिंग खाली ठेवायचं, दारापर्यंत जायचं, चष्मा कपाळावर चढवायचा आणि बोट लांब करून सांगायचं, "ती निळी बस धरा. थेट दारात सोडते!" आळीत त्यांना सगळे 'चौकशीकाका' म्हणत, आणि ते नाव त्यांना मनापासून आवडायचं.

यात एकच गोम होती. चष्मेवाले स्वतः बसने कधी जातच नसत. घर दुकानाच्या वर. जिना उतरला की दुकान, जिना चढला की घर. शहरातल्या बसगाड्या त्यांनी पाहिल्या होत्या, पण दुकानाच्या काचेतून.

त्यांची थोरली बहीण मात्र सगळी त्यांच्या उलट. आयुष्यभर इस्पितळात परिचारिका म्हणून राबली आणि निवृत्त झाल्यावर तिने एक छंद लावून घेतला. खांद्याला पिशवी लावायची, रेल्वेने एखाद्या परक्या शहरात उतरायचं आणि तिथल्या बसमधून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचं. भाची तिला म्हणायची, "आत्या, तुझ्या पायाला चाकं आहेत." त्यावर ताई म्हणे, "पायाला कसली, चाकं बसला असतात. मी नुसती बसते."

ती त्या सकाळी भावाकडे आली ती निरोप घेऊनच. दोघांना लहानाचं मोठं करणारी मावशी दुसऱ्या शहरातल्या वृद्धाश्रमात राहत होती. तिचा मुलगा तिला आपल्याकडे, खूप लांबच्या गावी न्यायला येणार होता. उद्या पहाटेची गाडी.

"तिकडे गेल्यावर कुठली रे भेट होतेय?" ताई म्हणाली. "आणि तू तिचा चष्मा करून ठेवलायस तो काय दुकानात शोभेला? चल, आज संध्याकाळच्या आत जाऊन येऊ."

"दुकान कोण बघणार?"

"मी बघते," आतून बायकोचा आवाज आला. "चष्मे नाहीत मला विकता येत, पण रस्ते सांगायला काय लागतंय? अहो, तुमच्यासारखं बोट दाखवलं की झालं."

चष्मेवाल्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तेवढ्यात एक जोडपं दारात आलं. त्यांना संग्रहालयाला जायचं होतं. चष्मा कपाळावर चढला, बोट लांब झालं. "निळी बस. थेट दारात!"

जोडपं धावत जाऊन निळ्या बसमध्ये चढलं. बस निघून गेल्यावर ताईने शांतपणे विचारलं, "निळी बस संग्रहालयाला जाते?"

"जात असेल. मोठी बस आहे."

"अरे, ती कारखान्यांकडे जाते. मी गेलेय तिच्यातून."

"मग काय झालं? पुढे कुणीतरी सांगेल त्यांना. दारात आलेल्याला 'माहीत नाही' म्हणायचं का? बरं दिसतं ते?"

गाडीची वेळ झाली होती.

रेल्वेचा प्रवास छान झाला. खिडकीशी बसून चष्मेवाले एकेक स्टेशन लहान मुलासारखं बघत होते. खिशात चष्म्याची पेटी होती आणि तिच्यासोबत एक बारीक पक्कड अन् पेचकस. मावशीच्या कानामागची कातडी नाजूक, जरा काडी रुतली की लाल व्हायची. चष्मा तिच्या चेहऱ्यावर चढवून, दोन्ही काड्या तिथल्या तिथे वाकवूनच बसवायला हव्यात, हे त्यांनी घरूनच ठरवलं होतं. हे काम घाईचं नव्हे.

अडचण आली ती स्टेशनबाहेर. ताई नेहमी जिथून बस धरायची तिथला रस्ता खोदून ठेवला होता आणि थांबा दुसरीकडे हलवला होता. फोनमधला नकाशा अजून जुन्याच जागी उभं राहायला सांगत होता. त्या जागी आता खड्डा होता.

"नदीपलीकडच्या वृद्धाश्रमाची बस कुठून सुटते हो?" ताईने एका टपरीवाल्याला विचारलं. त्याने मान न वळवता डावीकडे हात केला. ते डावीकडे गेले. तिथे एक वर्तमानपत्र वाचत बसलेला माणूस म्हणाला, "छे छे, तुम्ही उलटे आलात." मग ते उजवीकडे गेले. तिथे एक रुबाबदार गृहस्थ छत्री टेकवून उभे होते. त्यांनी प्रश्न पुरता ऐकूनही घेतला नाही. चष्मा कपाळावर चढवला, छत्रीचं टोक लांब केलं आणि म्हणाले, "ही हिरवी बस बघा. डोळे मिटून बसा. थेट दारात!"

"तुम्हाला नक्की माहीत आहे ना?" ताईने विचारलं.

"बाई, जन्म गेला माझा इथे!"

"चल ताई, चढ," चष्मेवाल्यांनी तिला जवळजवळ ढकललंच. "एवढा सज्जन माणूस खोटं कशाला बोलेल?"

बस सुरू झाली. बाजार गेला, शाळा गेली, घरं विरळ झाली. नदी काही येईना. शेवटी ताईने उठून कंडक्टरला विचारलं, तेव्हा तो कपाळावर हात मारून म्हणाला, "आजी, नदी मागे राहिली! ही शहराबाहेर जाते. पुढच्या थांब्यावर उतरा आणि उलटी फिरा."

दोघं उतरली. थांब्यावर सावलीही नव्हती. चष्मेवाल्यांचा चेहरा तांबडाबुंद झाला होता.

"काय माणूस आहे! माहीत नव्हतं तर गप्प बसायचं की नाही? तोंड वर करून सांगतो, थेट दारात! तिकडे मावशी वाट बघतेय, भेटीची वेळ संपत आलीय, आणि याला काय त्याचं? कपाळावर चष्मा चढवून..."

आणि चष्मेवाले मध्येच थांबले. त्यांचा हात आपोआप स्वतःच्या कपाळाकडे गेला. चष्मा तिथेच होता!

ताईने ते पाहिलं. ती हसली नाही.

"त्याचा हेतू काही वाईट नसेल गं," चष्मेवाले पुटपुटले.

"नव्हताच. तुझाही नसतो. पण बस हेतूवर चालत नाही रे, रस्त्यावर चालते. आम्ही इस्पितळात असताना नव्या मुलींना पहिली गोष्ट हीच शिकवायचो. औषध माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणा आणि विचारून या. लाजेखातर अंदाजाने देऊ नका. तिथे अंदाज केलेला कुणी खपवून घेत नाही. रस्त्यावर मात्र आपण सगळे अंदाजाने औषध देत सुटलोय."

"पण 'माहीत नाही' म्हटलं की समोरच्याला तोडून टाकल्यासारखं वाटतं."

"कुणाला वाटतं? त्याला की तुला?"

चष्मेवाल्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर उतरवला.

परतीच्या बसने ते पुन्हा बाजारात आले. थांब्यावर एक बाई बाळाला थोपटत उभी होती. ताईने विचारल्यावर ती म्हणाली, "मला नाही हो माहीत. पण त्या कोपऱ्यावर बसवाल्यांची खिडकी आहे, तिथे विचारा." खिडकीतल्या माणसाने तक्ता बघून थांबा सांगितला. बस मिळाली. नदीही आली.

"बघ," ताई म्हणाली, "दिवसभरात त्या बाळवाल्या बाईने एकटीनेच आपल्याला पोहोचवलं."

मावशी खिडकीपाशी बसून होती. सामान बांधून दाराशी ठेवलेलं. "किती वेळ झाला रे," एवढंच म्हणाली. चष्मेवाल्यांनी पेटी उघडली आणि तिच्या नाकावर चष्मा ठेवला. मावशीने भाच्याकडे निरखून पाहिलं.

"अगं बाई! तू तर पार म्हातारा झालास की!"

तिघंही हसली. चष्मेवाल्यांनी पक्कड काढली. डाव्या कानामागे बोट फिरवून पाहिलं, काडी किंचित वाकवली, पुन्हा चढवून पाहिली. डावी काडी झकास बसली. उजवीला हात घालणार तेवढ्यात घंटा झाली. सेविका दारात आली.

"भेटीची वेळ संपली. आजींचं जेवण, मग औषधं. पहाटे निघायचंय त्यांना."

"फक्त एक काडी राहिलीय हो!"

"लवकर यायचं होतं ना काका. नियम सगळ्यांना सारखाच आहे."

ते खरंच होतं. मावशी उठली. चष्मा एका बाजूला झुकला होता. तिने मान जराशी तिरकी केली आणि म्हणाली, "हे बघ, असं केलं की सरळ दिसतं. जा आता, गाडी चुकेल."

मान तिरकी ठेवूनच ती सेविकेबरोबर आत गेली.

"तिकडचा एखादा चष्मेवाला बसवून देईल," परतीच्या गाडीत ताई म्हणाली. चष्मेवाले खिडकीबाहेर बघत राहिले. पक्कड त्यांच्या मुठीतच होती.

दुसऱ्या दिवशी दुकान नेहमीसारखं उघडलं. एक म्हातारा मुलीचा हात धरून दारात आला. "दादा, न्यायालयाला कुठली बस जाते? आज तारीख आहे."

चष्मेवाल्यांनी सवयीने भिंग खाली ठेवलं. चष्मा कपाळावर चढला. बोट अर्धं वर गेलं आणि तिथेच थांबलं.

"मला... माहीत नाही," ते म्हणाले. मग दुकानाबाहेर पडले. "थांबा, विचारून येतो."

रस्ता ओलांडून त्यांनी उभ्या असलेल्या बसच्या चालकाला विचारलं, म्हाताऱ्याला बोलावलं आणि त्याला योग्य बसमध्ये चढवून दिलं. बायको दारातून बघत होती. "अहो चौकशीकाका, आज चक्क चौकशी केलीत!" ती म्हणाली. चष्मेवाल्यांना राग आला नाही. पुढच्या रविवारी त्यांनी दुकान बंद ठेवलं आणि निळ्या बसमध्ये बसून ती नेमकी कुठे जाते ते पाहून आले.

नागरिकहो, आपल्या गावात उतरलेला प्रवासी आपल्या शब्दावर पाऊल टाकतो. चुकीच्या वाटेवर गेलेला त्याचा वेळ आपल्याला दिसत नाही, कारण तोपर्यंत तो नजरेआड गेलेला असतो. म्हणून ठाऊक असेल तर जरूर सांगा. नसेल तर 'माहीत नाही' म्हणायला लाजू नका, आणि जमलं तर ज्याला माहीत असेल त्याच्यापर्यंत त्याला नेऊन सोडा. ज्याला वाचता येतं तो निदान पाटी तरी पाहील. ज्याला येत नाही, त्याला तुमचं बोट हीच पाटी.