कुणी कुणाकडे जायचं

चिपची आखणी करणाऱ्या या गृहस्थांनी उभी हयात प्रोसेसर वेगवान करण्यात घालवली. फळ काय, तर तो आता इतका चपळ झालाय, की मेमरीतून माहिती येईपर्यंत माश्या मारत बसतो. जगभर माहितीचे ढीग वाढले आणि तिची ने-आण करण्यातच वीज संपू लागली. मग कंपनीला साक्षात्कार झाला: माहिती हलवू नका, आकडेमोडच तिच्यापाशी न्या. मेमरीतच छोटे प्रोसेसर बसवायचं ठरलं. त्यावर भाषण ठोकायचा मान गृहस्थांना मिळाला. कल्पना स्वतःचीच असल्यासारखे ते मिरवू लागले.

तालमीसाठी श्रोता हक्काचा होता, वडील. त्यांची नजर गेलेली, त्यामुळे स्लाइड आवडल्या नाहीत म्हणण्याची सोय नव्हती. मुहूर्तही छान निवडला. वडिलांना आपल्या फ्लॅटवर न्यायला आणलेला ट्रक दारात उभा होता.

इथे, स्वतःच्या जुन्या घरात, वडील भिंतीला हात लावत घरभर फिरत. बटणं, कपाटाचा कोपरा, चहाचा डबा, सगळं बोटांना पाठ. मागे मुलाच्या फ्लॅटवर राहून पाहिलं, तेव्हा मात्र आठवडाभर पलंगाच्या कडेला बसून होते. उठले की सोफ्यावर आपटायचे. एकट्या जीवाला एवढा सोफा कशाला, देव जाणे. "सवय होईल," असा निष्कर्ष आपल्या तज्ज्ञ गृहस्थांनी काढला होता.

भाषण संपलं. "समजलं का, बाबा?"

"समजलं. जे हलवणं जड, त्याच्याकडे आपण जायचं."

"बरोब्बर!"

"मग मला कशाला हलवतोस? माझं सगळं या भिंतींत आहे रे. तिकडे मी खरा आंधळा होतो."

"बाबा, ते चिपचं झालं."

"हो ना. चिपची किती काळजी तुला."

आपलं अख्खं ऑफिस एका लॅपटॉपमध्ये मावतं, हे एवढ्या हुशार माणसाला आत्ता सुचलं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

हमाल आत डोकावला. "साहेब, आधी कपाट उचलू?"

"कशालाच हात लावू नका. ट्रक माझ्या फ्लॅटवर न्या. माझं सामान इकडे आणायचंय."

वडिलांनी कपाटाचा कोपरा चाचपला. तो जागेवरच होता. मग कितीतरी दिवसांनी ते हसले.

"ये," ते म्हणाले. "पण तो सोफा आणू नकोस."