छाटलेली जाहिरात

इंद्रजीतला एका वस्तूला दोन शब्द लावलेले खपत नसत. ‘लेडीज बायका’ ऐकलं की त्याच्या कपाळाला आठ्या पडत, आणि कुणी ‘परत रिटर्न’ आलं तर तो दारातच त्याची शाळा घेई. तशात त्याच्या बायकोनं, विशाखानं, पडेगावात मसाल्याचं दुकान काढलं आणि रिक्षावरून फिरवायच्या जाहिरातीचा मजकूर याच्या हाती पडला. मग काय विचारता!

मजकूर औरंगपुऱ्यातल्या काकासाहेबांचा. शहरातल्या निम्म्या भोंग्यांमधून त्यांचाच आवाज येतो. ‘भव्य ग्रँड उद्घाटन! घरगुती होममेड, शुद्ध प्युअर, चवदार टेस्टी मसाले! पहिल्या फर्स्ट गिऱ्हाइकाला मोफत फ्री गिफ्ट भेट!’ इंद्रजीतनं लाल पेन काढलं. जोडीतला एकेक शब्द मारता मारता त्याचा हात असा सुटला, की तो दोन्ही मारू लागला.

“चवदार पण काढलं?” विशाखा म्हणाली.

“मसाला चवदारच असतो. बेचव म्हणून कुणी विकतं का?”

चांगली नोकरी सोडून ती यात उतरली होती. गल्लीतल्या बायका दुकानात आल्याच नाहीत तर, या काळजीनं तिला जेवण जात नव्हतं. पण याला भाषेतलं कळतं, असं म्हणून तिनं मान डोलावली.

उरलं ते एवढंच: ‘विशाखा मसाले, पडेगाव. उद्या सुरू.’

“साहेब, लई आखूड होतंय,” काकासाहेब फोनवर म्हणाले. “मिन्टाभराचं तरी पायजे.”

“आखूडच बरं. लोकांना वेळ नसतो.”

“तुमची मर्जी,” म्हणत काकासाहेबांनी रेकॉर्डिंग करून दिलं.

आता रिक्षावरच्या रेकॉर्डिंगचं असं असतं, की ते संपलं की लगेच पहिल्यापासून सुरू होतं. मजकूर लांबलचक असला तर तुमच्या दारावरून तो एकदाच जातो. हा तर श्वास घ्यायच्या आत संपत होता. सकाळी रिक्षा पडेगावात शिरली आणि पाइपलाइनसाठी खणलेल्या चरापाशी अडकली. पुढं खड्डा, मागं वाळूचा ट्रक. भोंगा मात्र चालूच. ‘विशाखा मसाले, पडेगाव. उद्या सुरू. विशाखा मसाले, पडेगाव. उद्या सुरू.’ कुकरच्या शिट्ट्या मोजणाऱ्या बायकांचा हिशोब चुकला. घरून काम करणारी मंडळी कानात बोटं घालून बाहेर आली. रिक्षावाल्याला फोन लावावा, तर त्या गोंगाटात त्याला रिंग कुठली ऐकू येणार? शेवटी इंद्रजीतच स्कूटर काढून पळाला.

भोंगा बंद करून तो घामाघूम होऊन परतला, तर दुकानासमोर बायकांचा घोळका. सगळ्यांच्या पुढं कडूबाई. गल्लीत त्यांचा शब्द चालतो, आणि त्यांचा तान्हा नातू नुकताच दचकून उठला होता. विशाखा हात जोडून उभी होती, अगदी रडायच्या बेतात. उघडायच्या आधीच बायकोचं दुकान आपण बुडवलं, असं इंद्रजीतला वाटलं.

“ह्यांनी लिवलं व्हय?” कडूबाई गरजल्या. “सकाळधरनं तेच तेच! अहो, मसाला कसाय ते सांगा की. तेवढं सोडून समदं सांगितलं. घरी बायकोशीबी असंच मोजून मापून बोलता का?”

“व्हय मावशी,” विशाखा म्हणाली. “जेवल्यावर ‘बरंय’. लग्नापासून तेवढंच.”

सगळ्याजणी इंद्रजीतकडं पाहू लागल्या. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ‘चूक झाली’ म्हणून सुटता आलं असतं, पण विशाखाचा उतरलेला चेहरा बघून तो बोलायला लागला.

“मावशी, ही पहाटे उठून खोबरं भाजते. मंद आचेवर, हळूहळू, सावकाश. एक मिरची करपली तरी अख्खा घाणा बाजूला काढते. हिच्या येसर मसाल्याची आमटी असली की मी डबा पुसून, चाटून खातो, ऑफिसात कुणाला वाससुद्धा लागू देत नाही. लई भारी, एक नंबर, फस्क्लास मसाला आहे. मला लई म्हणजे लई खूप आवडतो. आणि हे मी हिला कधीच, एकदासुद्धा सांगितलं नाही.”

घोळक्यात कुणीतरी फिदीफिदी हसलं. कडूबाईंनी चेहरा कडकच ठेवला.

“उद्याचं उद्या,” त्या म्हणाल्या. “मला येसर आत्ताच दे. पावशेर.”

विशाखानं डबा उघडला. मान खाली घालून ती पिशवीत मसाला घालत राहिली, घालतच राहिली. काट्याकडं तिचं लक्षच नव्हतं.