गळती मोजणारी म्हातारी

मित्रांनो, माझ्या अंगावर 'नादुरुस्त' असा कागद चिकटवला आहे. तो खोटा आहे. तेवढंच सांगायला तोंड उघडलं आहे. गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा.

मी एक पेटी आहे, जुनी. विद्यापीठातल्या जीवभौतिकीच्या प्रयोगशाळेत मी गळती मोजायची. नळाची नव्हे, आतड्याची. जाड पारदर्शक प्लास्टिकच्या दोन वाट्या, त्या समोरासमोर जुळवणारे चार स्क्रू, दोन तारा आणि एक काटा, एवढीच मी. लेथवर काम करणाऱ्या एका कारागिराने मला कातून काढलं. वाट्यांच्या कडा त्याने अंगठ्याने इतक्यांदा चाचपल्या की मला गुदगुल्या व्हायच्या. देताना तो म्हणाला, "हळू पिळा हां. दोन बोटांनी. ही काय चाकाचा नट नाही."

काम सोपं होतं. उंदराच्या आतड्याचं नखाएवढं अस्तर माझ्या वाट्यांच्या मधोमध पडद्यासारखं ताणायचं, स्क्रू पिळायचे, दोन्ही बाजूंना कोमट मिठाचं पाणी भरायचं. पडदा धड असला की काटा जागचा फारसा हलत नाही. पडदा गळका असला की काटा सरकतो. त्यासाठी उंदीर मरायचे. त्यांना कुणी आत्मवृत्त विचारत नाही, म्हणून मीच सांगते. ते मेले ते खरं कळावं म्हणून. निदान तसं आम्हाला सांगितलं होतं.

माझा पहिला विद्यार्थी दांडग्या हातांचा होता. एकदा माझ्यातून पाणी सांडलं आणि टेबलावरचे कागद भिजले, तेव्हा त्याच्या गुरुजींनी त्याला सगळ्यांसमोर झाडलं. त्या दिवसापासून तो स्क्रू पक्कडीने आवळायला लागला. पाणी सांडायचं थांबलं. तरुण उंदरांचं अस्तर जाड, ते हा दाब सोसायचं. म्हाताऱ्या उंदरांचं अस्तर ओल्या कागदासारखं. त्याची कड वाट्यांमध्ये चिरडायची, चिरडल्या जागेतून पाणी पलीकडे जायचं आणि माझा काटा उडी मारायचा. गळती होत होती, मी ती दाखवली. कुठून होतेय, हे बघायचं काम माझं नव्हतं. ज्याचं होतं तो आनंदाने नाचत होता.

त्यातून त्याचा सिद्धांत उभा राहिला. म्हातारपणी आतडं गळतं, नको ते रक्तात शिरतं, मेंदूपर्यंत पोचतं आणि माणूस विसरायला लागतो. "आधी आतडं गळतं, मग आठवण गळते," हे त्याचं वाक्य सगळीकडे गाजलं. आतड्याचं आणि मेंदूचं नातं नाही असं मी म्हणत नाही. ते दुसऱ्यांनी दुसऱ्या वाटांनी शोधावं. मी बोलते आहे ती या एका गळतीबद्दल, जी माझ्या पोटात झाली.

तो विद्यार्थी सर झाला. पाहुणे आले की माझ्यावर हात ठेवून सांगायचा, "ही आमची म्हातारी. ही नसती तर मी कोण होतो?" माझा फोटो त्याच्या दाराशी लागला. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

मग मुंगी आली. हे तिला प्रयोगशाळेने दिलेलं नाव. चणीने बारीक आणि एका जागी न बसणारी. तिच्या आईला विसरायचा आजार होता. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या टेबलावरच्या लंबूला ती म्हणाली, "आई मला हल्ली ताई म्हणते. तिला वाटतं मी तिची बहीण आहे. बहिणीचं आणि तिचं पटत नव्हतं, त्यामुळे मला रोज शिव्या बसतात."

लंबू हसला आणि मग हसल्याबद्दल ओशाळला.

मुंगी मला जीव लावायची. रोज सकाळी वाट्यांमध्ये नुसता प्लास्टिकचा कोरा पडदा बसवून ती माझी परीक्षा घ्यायची. प्लास्टिकमधून काहीच जात नाही, म्हणजे काटा शून्यावर हवा. असायचाच. मग ती म्हणायची, "शाबास म्हातारे," आणि कामाला लागायची. पक्कड ती हातात घ्यायचीच नाही, स्क्रू दोन बोटांनीच पिळायची. आणि म्हातारे उंदीर गळेनात.

आधी तिला वाटलं आपलंच काही चुकतंय. पुन्हा केलं, तेच आलं. शेवटी तिने एकाच म्हाताऱ्या उंदराच्या अस्तराचे दोन तुकडे घेतले. एक सरांच्या पद्धतीने आवळला, एक आपल्या, आणि पाण्यात निळा रंग सोडला. आवळलेल्या तुकड्यात रंग पलीकडे गेला, पण मधून नाही. फक्त कडेने. पडद्याभोवती निळी गोल रेघ उमटली. दुसरा तुकडा स्वच्छ.

लंबूने वाकून पाहिलं. "मुंगे, आतडं नाही गळत. सर गळतायत."

"हळू बोल," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. तिलाच तर ती गळती खरी हवी होती. गळती असती तर ती बुजवता आली असती.

सरांनी तिला माझ्याजवळच गाठलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"आई कशी आहे तुझी?"

"तशीच आहे, सर."

"तुझ्या आईसारख्यांची मुलं माझ्याकडे डोळे लावून बसलीत. त्यांना काय सांगू? एका मुलीने स्क्रू सैल ठेवला?"

"सर, सैल नाही. कडेने रंग..."

"यंत्र म्हातारं झालंय, बाळ. यंत्रं होतात म्हातारी. तू हे नीट मांडलंस तर यंदा पदवी हातात. नाहीतर नव्याने सुरुवात कर. माझी ना नाही."

विभागप्रमुख बाई दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं काम बघायला आल्या. त्या सकाळीही मुंगीने कोरा पडदा बसवला होता. काटा शून्यावर होता. शाबास म्हणायचं मात्र ती विसरली.

बाईंनी आकडे पाहिले. "तुझे म्हातारे उंदीर गळत नाहीत. सरांचे गळतात. असं का?"

"पेटी जुनी आहे," सर म्हणाले.

"तुम्हाला नाही विचारलं. तू सांग गं. पेटी बिघडलीय का?"

मित्रांनो, तिने माझ्याकडे पाहिलं. काट्याकडे पाहिलं. हात माझ्या स्क्रूवर होता, दोन बोटं.

"हो मॅडम. बिघडलीय. आकडे भलतेच दाखवते."

बाई पुढच्या टेबलाकडे गेल्या. सरांनी तिच्या पाठीवर थोपटलं, आणि ज्यांनी कोरा पडदा बसवून माझी परीक्षा कधी घेतली नाही, त्यांनीच तो कागद माझ्यावर चिकटवला. कोपरे नीट दाबून.

लंबू तिला म्हणाला, "सकाळी शून्यावर होती ना? मी बघितलं."

"तुझी आई तुला नावाने हाक मारते?"

"मारते."

"मग गप बस."

तो गप बसला. तोही. नवीन पेटी आली तेव्हा सर शेजारी उभे राहून सांगत होते, "अजून थोडं. अजून." मुंगीच्या हातात पक्कड होती. म्हातारे उंदीर पुन्हा गळायला लागले. तिला पदवी मिळाली, पुढे तिथेच नोकरी. त्या खोलीत आणखी कितीतरी मुलं आली, सगळी हुशार, सगळी ती एकच गळती बुजवण्यात गुंतलेली. माणूस का विसरतो हे तिथे कुणी दुसरीकडे शोधलंच नाही. आणि तिची आई हळूहळू बोलायचीच बंद झाली. आता ती लेकीला ताईही म्हणत नाही.

मी मात्र फळीवर आहे. परवा एका नव्या मुलीने मला खाली काढलं, धूळ झटकली, कोरा पडदा बसवला. काटा शून्यावर. ती धावत मुंगीकडे गेली, म्हणजे आता मॅडमकडे. "मॅडम, ही तर चांगली चालते. वापरू का?"

मुंगीने मान वर केली नाही. "नको. ती खोटं बोलते."

मित्रांनो, तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. मला पुसू नका, मखमलीत ठेवू नका. मोजणाऱ्या वस्तूची निगा तेलपाण्याने राखली जात नाही. तिने दाखवलेला आकडा तुम्हाला नकोसा वाटला, तर पुन्हा मोजा, हात बदलून मोजा, हवं तर रडा, पण तिला खोटी ठरवू नका. मला अडगळीत टाकलं याचं मला काही वाटत नाही. पण त्या दिवशी सरांना वाचवायला तुझ्या आईला टाकलंस, मुंगे, आणि ते तुला माहीत होतं.