काचेवरची वाफ

रविवारी सकाळी शर्यतीच्या मैदानावर, छपराखाली, लॉर्ना हॅगर्टने गाडीची पुढची काच आतून आधी स्पिरिटने पुसली, मग कोरड्या कपड्याने, आणि शेवटी भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब चोळून ती लख्ख होईपर्यंत घासली. बाहेर पाऊस होताच. इन्व्हरकार्गिलचा पाऊस मेला वरून पडत नाही, समुद्राकडून आडवा येतो आणि थेट कानात शिरतो.

"काचेला आतून हात लावायचा नाही," ती थोरल्या भावाला, स्ट्रुअनला, म्हणाली. "वाफ धरली तरी नाही. हातमोजा फिरवलास की साबण निघून जातो, मग धरलेली वाफ सुटत नाही."

"ऐकलंस का हेमी?" स्ट्रुअन म्हणाला. "मास्तरीणबाई आल्यात."

हेमी शेजारचा. गॅरेजवाला, भला माणूस, पण कुणाला दुखवायचं नाही हे त्याचं व्रत. तो हसला आणि नट आवळायला लागला.

गाडी त्यांच्या बापाची, मर्डोची. मर्डोला जाऊन दोन वर्षं झाली होती. आईने ती गोर गावच्या एका माणसाला विकली होती आणि तो सोमवारी न्यायला येणार होता. म्हणजे ही शेवटची शर्यत. या गाडीचा असा एक बोल्ट नव्हता जो लॉर्नाने बापाबरोबर खाली आडवं होऊन उघडला नव्हता. पण शर्यतीत बसायचा तो स्ट्रुअन. "तू पुढच्या वर्षी हां, पोरी," असं मर्डो म्हणायचा, आणि म्हणता म्हणता लॉर्ना चव्वेचाळीस वर्षांची झाली. या खेपेला मात्र आईने ठणकावून सांगितलं होतं: दोघांनी मिळून चालवायची शर्यत घ्या, अर्धी स्ट्रुअनची, अर्धी लॉर्नाची, नाहीतर किल्ली आजच देऊन टाकते.

आता शर्यतीची गाडी म्हणजे काय, तर नुसता पत्रा. वजन कमी करायचं म्हणून मागची सीट गेली, गालिचा गेला, छताचं अस्तर गेलं आणि काचेवर गरम हवा सोडणारा हीटरही गेला. त्या गार डब्यात घामेजलेला माणूस धापा टाकत बसला की काच दुधासारखी पांढरी होणारच. म्हणून लॉर्नाने बोटीतला छोटा पंखा आणून दोन नळ्या काचेखाली बसवल्या होत्या.

"पंखा कुठाय?" तिने विचारलं.

"काढला काल. तिकडे घरी बाकावर पडलाय. उगाच वजन कशाला? केस वाळवायचेत का तुला?"

तिच्या डोक्यात तिडीक गेली. पण परत बसवायला वेळ नव्हता, आणि आज भांडून हातातोंडाशी आलेला घास घालवायचा नव्हता. तिने विषय सोडला. तिथेच चुकली बिचारी.

पावसात शर्यत असली की जाणती माणसं आधी स्वतःला कोरडी ठेवतात, कारण अंगावरचं पाणी आत गेलं की तेच काचेवर चढतं. लॉर्ना सकाळपासून छपराखालून हलली नव्हती. शर्यतीच्या कपड्यांवर मेणकापडी कोट, बुटांवर पिशव्या. लोक हसले तर हसले. आणि आमचे राजे? क्लबात जाऊन चीज रोल हाणले, चार लोकांशी पावसात उभं राहून गप्पा ठोकल्या आणि निथळत येऊन सीटवर बसले.

"अरे, कपडे तरी बदल!"

"पाण्याने कुणी मेलंय का?"

पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

शर्यत सुटली. स्ट्रुअन चालवतो झकास, ते नाकारण्यात अर्थ नाही. थोड्याच वेळात तो त्यांच्या गटात पुढे होता. हेमी नाचायला लागला. पण लॉर्ना छपराच्या कडेला उभी राहून काच बघत होती. आधी कोपरे पांढरे झाले. मग खालची पट्टी. मग एका फेरीला गाडी समोरून गेली तेव्हा सगळी काच पांढरी होती आणि मधोमध तळहाताएवढं फरफटलेलं भोक. पुसली होती मेल्याने.

तिने गाडीशी बोलायचा रेडिओ उचलला. "स्ट्रुअन, काच गेली. शर्यत सोडून आत छपराखाली ये. मी पुसते आणि मीच बसते. पाळी आता बदलली तरी नियमात बसतं."

"काच ठीक आहे."

"ठीक कसली? मला तू दिसत नाहीयेस!"

"मग नको बघूस."

हेमीने रेडिओ घेतला. "ये रे बाबा आत, हट्ट नको करूस."

"आत्ता आलो तर उरलेली सगळी शर्यत तिची होते. पुढे मी आहे, हेमी. अर्ध्यावर येईन."

लॉर्ना ऐकतेय हे त्याला ठाऊक होतं. डोळ्यांपुढे काही दिसत नसताना चालवेन, पण बहिणीला चार फेऱ्या जास्त मिळू देणार नाही! सख्खा भाऊ हा.

पुढच्याच फेरीला तो वळणावर वळलाच नाही. सरळ टायरांच्या ढिगात गेला आणि तिथून फिरून भिंतीवर आदळला. लॉर्ना पावसातून धावत सुटली. पोचली तेव्हा स्ट्रुअन बाहेर येऊन उभा होता. अंगठा तेवढा सुजलेला. गाडीची डावी बाजू सीटपर्यंत आत आली होती.

लोक जमले. "काय पाऊस! कुणाला दिसलं असतं?" असं म्हणत जो तो त्याच्या पाठीवर थाप मारत होता.

"पावसाचं काय नाही," स्ट्रुअन म्हणाला. "हिने काचेला साबण फासला होता ना आतून."

चोराच्या उलट्या बोंबा! "तू पुसलीस," लॉर्ना म्हणाली. "पंखा काढलास, भिजून बसलास आणि वर हात फिरवलास. हेमी, सांग ना! तू पाहिलंस."

हेमीने मान खाली घातली. "आत्ता नको, लॉर्ना. माणूस वाचलाय."

कुणीतरी घरी कळवलं असणार, आईचा फोन आला. "तू नव्हतीस ना गं आत? देव पावला! तुझे बाबा उगाच नव्हते म्हणत, ही गाडी पोरीचं काम नाही."

"आई, मी असते तर गाडी धड परत आली असती."

"असं बोलू नये, लॉर्ना. भाऊ वाचलाय तुझा. त्याला दे बरं फोन."

तिने दिला. हेमीने ट्रेलर मागे आणला होता आणि गाडीला तार अडकवत होता. "वर ओढताना कुणीतरी आत बसून स्टीअरिंग सरळ धरायला हवं," तो म्हणाला. "स्ट्रुअनचा अंगठा..."

"बसते मी," लॉर्ना म्हणाली.

उजवं दार अजून उघडत होतं. ती बापाच्या सीटवर बसली, पट्टा लावला आणि दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरलं. हेमीने तार ओढली. गाडी करकरत फळीवर चढली, ट्रेलरच्या टोकापर्यंत गेली आणि थांबली.

"झालं," हेमी म्हणाला. "उतर आता."