ठिपक्याशी वैर

हिरवा ठिपका — वाटाण्याएवढा, निर्लज्ज — पडद्यावरच्या वर्तुळाबाहेर डावीकडे जाऊन बसला होता, आणि त्याला आत आणायला एरास्मोने जरा म्हणून अंग कलतं केलं, तर मेला आणखीच लांब सरकला.

"छान, आजोबा! ठिपका म्हणजे तुमचं वजन. बघत राहा, नि आत आणा."

आजोबा! दवाखान्यात व्यायाम घेणारी ही यास्ना, काल-परवा सान्तियागोहून इथे दाल्काऊएत आलेली, बेटाचा वारा अजून धड अंगाला लागला नाही, आणि हिने मला आजोबा म्हणायचं... पायाखाली वजन टिपणारी ती पांढरी पाटी, दोन्हीकडे लोखंडी दांड्या, कमरेला त्या दांड्यांना अडकवलेला पट्टा — बैलालासुद्धा इतकं बांधत नाहीत. आणि मागे बाकावर ओसियेल, सख्खा मुलगा, पहाऱ्याला. सकाळी चुलीपाशी 'माते'च्या कडू चहाचा घोट घेत तोंड वर करून म्हणाला होता, "ठिपका वर्तुळात धरून दाखवा बाबा, मग बसा होडीत. नाहीतर होडीचं नाव काढायचं नाही." होडी माझी, फळी न् फळी मी ठोकलेली, आणि हा मला अटी घालतो!

हिवाळ्यात एरास्मो पडला होता, पण समुद्रावर नाही — धक्क्याच्या उतरणीवर, शेवाळावरून घसरून, चारचौघांत... ओसियेलने त्याला बटाट्याच्या पोत्यासारखं उचललं आणि वर शिंपल्या विकणाऱ्या बायकांकडे बघून हसला. ते हसू एरास्मोने अजून माफ केलं नव्हतं.

अंग डावीकडे. ठिपका आणखी डावीकडे.

"आजोबा, उलटं करताय! उजवीकडे न्यायचाय ना? मग उजवीकडेच झुका."

"कळतं मला."

"यांना समजत नाहीये बहुतेक," ती हळूच ओसियेलला म्हणाली. "विसरायला वगैरे लागलेत का हो?"

बहिरा समजते का ही? अंगाचा नुसता तिळपापड झाला, आणि त्याच संतापात त्याला एकदम उमगलं — सुकाणू! दांडा डावीकडे रेटला की होडी उजवीकडे वळते. जन्मभर हेच केलं, आता हातात दांडा नाही तर अंगच रेटत होतो... डोकं शाबूत आहे, बाई. पण हे हिला सांगायचंसुद्धा नाही, असं त्याने ठरवून टाकलं.

मग त्याने जन्माची सवय दाबून धरली आणि सुलटं झुकला. ठिपका घुटमळला, आत आला, तिथेच राहिला. ओसियेल बाकावरून उठला. बघ, लेका, बघून घे! उद्याच्या भरतीला दांड्यापाशी मी असेन, आणि तू जाळी ओढशील.

"आता न बघता," यास्ना म्हणाली, आणि तिने पडद्यावर टॉवेल टाकला.

हात्तिच्या, एवढंच? तो उभा राहिला. गुडघे सैल, तळवे घट्ट, मान ताठ. डोळ्यांपुढे खाडी, पलीकडचं बेट... इतका सरळ तो गेल्या कित्येक वर्षांत उभा राहिला नव्हता, देवाशपथ. फक्त पट्टा एका बाजूने का काचतोय ते कळेना.

तिने टॉवेल काढला. ठिपका वर्तुळात नव्हताच. पार उजव्या कडेला जाऊन टेकला होता. एरास्मोला पट्ट्याने धरून ठेवलं होतं.

"यंत्र खोटं बोलतंय."

"नाही, बाबा," ओसियेल म्हणाला. "मी बघत होतो. कलंडत होतात तुम्ही."

हसला नाही तो. हसला असता तर निदान शिवी हासडता आली असती.

"सराव केला की पायांना हळूहळू कळायला लागतं," यास्ना सांगत होती. तो ऐकत नव्हता. पाय! वादळात ज्यांच्या भरवशावर रात्री काढल्या त्या पायांनी... कुठल्या दिवशी खबर द्यायची बंद केली हरामखोरांनी? मालकाला न विचारता?

बाहेर अंगणात वारा होता. ओसियेलने हात पुढे केला, त्याने झिडकारला. एकटा उभा राहिला, आणि काही केल्या कळेना — सरळ, की तिरका? नजर आपोआप मुलाच्या चेहऱ्याकडे गेली, भुवई हलते का ते बघायला. त्याने ती वळवली. ती परत गेली. या पोराला त्याने आयुष्यभर फक्त सांगितलं होतं, विचारलं कधीच नव्हतं.

"सरळ उभा आहे का रे मी?"

"हो," ओसियेल म्हणाला. फार पटकन म्हणाला.

लबाड... की नसेल? एरास्मोच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मुलाच्या चेहऱ्यावरून डोळे काढायची त्याची हिंमत झाली नाही.